वाचकांचे प्रश्न : तलावाकाठची वाडी आणि तिची माणसे

प्रश्न : आमचे घर सावंतवाडीत मोती तलावापासून पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही डोंबिवलीत वाढलो, पण गणपतीला आणि मे महिन्यात न चुकता गावी जातो. विसर्जनाच्या दिवशी तलावाकाठी उभे राहायला जागा मिळत नाही. असे असताना 2011च्या जनगणनेत वाडीची लोकसंख्या जेमतेम 24 हजार कशी? हा आकडा चुकला आहे का, आणि त्यात आमची मोजणी झाली आहे का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आकडा चुकलेला नाही, तो फेब्रुवारी महिन्याचा आहे, एवढेच. 2011ची मोजणी 9 फेब्रुवारी ते 28 फेब्रुवारी या वीस दिवसांत झाली, मार्चच्या पहिल्या पाच दिवसांत फेरतपासणी झाली आणि 1 मार्चची सुरुवात, म्हणजे 28 फेब्रुवारीची मध्यरात्र, हा संदर्भ-क्षण धरला गेला. कोकणातल्या माणसाने हे दिवस कालनिर्णयात पाहिले, तर त्याच्या लगेच लक्षात येईल की वर्षभरात गाव सर्वांत रिकामे असते ते याच सुमारास. गणपतीला आलेले चाकरमानी कधीच परतलेले असतात, मुलांच्या परीक्षा तोंडावर आलेल्या असतात, आंबा अजून तयार व्हायचा असतो आणि शिमगा उंबरठ्यावर असला तरी सुरू झालेला नसतो. त्या वर्षी फाल्गुनी पौर्णिमा 19 मार्चला होती. मोजणी पूर्ण झाली आणि त्यानंतर अवघ्या दोन-अडीच आठवड्यांत पालखीसाठी माणसे गावोगावी उतरली.

आता आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग. मोजणीच्या काळात माणूस नेहमी जिथे राहतो तिथेच त्याची गणना होते. गावी घर आहे, सात-बाऱ्यावर नाव आहे किंवा घरपट्टी आपण भरता, या गोष्टींचा तिथे संबंध येत नाही. संपूर्ण काळ जो घराबाहेर होता, त्याची त्या घरात नोंद करायची नाही, मग तो कुटुंबप्रमुख असला तरीही, असा स्पष्ट नियम होता. त्यामुळे आपले कुटुंब डोंबिवलीत मोजले गेले आणि तेच योग्य होते. वाडीतल्या आपल्या घराची नोंद मात्र झाली असणार, कारण माणसांच्या मोजणीआधी घरयादी होते आणि त्यात रिकामी घरे वेगळी दाखवली जातात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाची स्थिती समजून घ्यायची असेल, तर लोकसंख्येच्या तक्त्याइतकाच हा रिकाम्या घरांचा तक्ताही पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन. माणसे किती उरली हे पहिला तक्ता सांगतो, तर किती घरांची दारे बंद आहेत हे दुसऱ्यावरून कळते.

वाडीचा आकडा लहान दिसण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते फारसे कोणी लक्षात घेत नाही. 1901 साली संस्थानच्या या राजधानीची लोकसंख्या 10 हजारांच्या थोडी वर होती. एकशेदहा वर्षांत ती 24 हजारांच्या आसपास पोहोचली, म्हणजे अडीच पटही झाली नाही. याच काळात मुंबई पावणेआठ लाखांवरून सव्वा कोटीच्या घरात गेली. मुंबईची हद्द मधल्या काळात खूप वाढली, ही गोष्ट खरी. पण वाडीची हद्द वाढली नाही, हीसुद्धा तेवढीच महत्त्वाची गोष्ट आहे. चराठे, कोलगाव, माजगाव ही गावे शहराला खेटून आहेत. तिथे नवे बंगले आणि इमारती उभ्या राहिल्या, तिथली माणसे बाजाराला, दवाखान्यात, मुलांच्या शाळेसाठी रोज वाडीत येतात, पण त्यांची गणना आपापल्या ग्रामपंचायतीत होते. रेल्वे स्थानकाचे नाव सावंतवाडी रोड असले तरी ते मळगावात आहे. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, तेव्हा मुख्यालय वाडीला न येता ओरोसला नव्याने वसवले गेले, आणि पुढे झाराप ते पत्रादेवी हा महामार्गाचा वळणरस्ताही शहराच्या बाहेरून गेला. राजवाडा, तलाव आणि बाजारपेठ यांच्याभोवती गोळा झालेले हे शहर आपल्या जुन्या हद्दीतच राहिले, त्यामुळे त्याचा आकडाही त्याच हद्दीपुरता आहे.

या आकड्यावर प्रत्यक्षात बरेच काही अवलंबून असते, म्हणून हा प्रश्न मला केवळ कुतूहलाचा वाटत नाही. आपल्या राज्यात नगर परिषदांचे वर्ग लोकसंख्येवरून ठरतात. 40 हजारांपर्यंतची नगर परिषद ‘क’ वर्गात येते आणि सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ले ही तिन्ही शहरे याच वर्गातली. नगरसेवकांची संख्या, कर्मचाऱ्यांची पदे, अनुदान यांचा हिशेब फेब्रुवारीतल्या माणसांवर होतो, तर नळाचे पाणी, कचरा, रस्त्यावरची वाहने आणि तलावातल्या विसर्जनाची व्यवस्था यांचा भार भाद्रपदातल्या माणसांचा असतो. दोन आकड्यांमधली ही दरी भरून काढण्याचे काम पालिकेचे मोजके कर्मचारी दरवर्षी करतात. आपण गणपतीला याल तेव्हा हे ध्यानात ठेवावे, एवढी विनंती करावीशी वाटते.

प्रश्न : सिंधुदुर्गाची लोकसंख्या कमी झाली असे वाचले. आमच्या वाडीवस्तीत पाहिले तर म्हातारी माणसे आणि बायका जास्त दिसतात. ही घट बाळे कमी जन्मल्यामुळे आहे की माणसे बाहेर गेल्यामुळे? — एक वाचक, वेंगुर्ले तालुका

उत्तर : दोन्ही कारणे आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. 2001 साली जिल्ह्याची लोकसंख्या 8,68,825 होती, ती 2011 साली 8,49,651 झाली. म्हणजे दहा वर्षांत 19 हजारांहून अधिक माणसे कमी झाली. रत्नागिरीची घट याहून मोठी आहे : 16,96,777 वरून 16,15,069. संपूर्ण महाराष्ट्राची लोकसंख्या त्याच दशकात जवळजवळ 16 टक्क्यांनी वाढली. घट नोंदवणारे जिल्हे राज्यात तीनच होते आणि तिसरा होता मुंबई शहर. ही तीन नावे एकत्र यावीत, हा योगायोग नाही. कोकणातला माणूस पिढ्यान्‌पिढ्या ज्या गिरणगावात, लालबाग-परळच्या चाळींत राहिला, तो भाग मुंबई शहर जिल्ह्यातच येतो. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर त्या चाळींतले जीवन पालटले आणि पुढची पिढी डोंबिवली, बदलापूर, विरार अशी लांब लांब सरकत गेली. त्याच दहा वर्षांत त्या वेळच्या अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या 36 टक्क्यांनी वाढली. घटलेल्या आणि वाढलेल्या आकड्यांत बऱ्याच अंशी एकाच घरातली माणसे आहेत.

बायकांविषयीचे आपले निरीक्षण अगदी बरोबर आहे. 2011 साली राज्यात दर हजार पुरुषांमागे 929 स्त्रिया होत्या. रत्नागिरीत 1,122 आणि सिंधुदुर्गात 1,036. हजाराचा आकडा ओलांडणारे हे दोनच जिल्हे. याचा अर्थ कोकणात मुली जास्त जन्मतात असा काही जण लावतात, पण तो बरोबर नाही. सहा वर्षांखालच्या मुलांमधले प्रमाण या दोन्ही जिल्ह्यांत हजाराच्या खालीच आहे. स्त्रियांची संख्या पुढे जाते ती तरुण वयापासून, कारण त्या वयाचे पुरुष गावात नसतात. मनीऑर्डरवर चालणारे घर, शेत-गुरे-देव सांभाळणारी बाई आणि वर्षातून दोनदा येणारा घोव, हे चित्र शंभर वर्षांहून जुने आहे.

मात्र इथे थांबून 2001चा आकडाही पाहिला पाहिजे. तेव्हा सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे 1,079 स्त्रिया होत्या, म्हणजे दहा वर्षांत हे प्रमाण 43ने खाली आले. वरकरणी समतोल साधत चालल्यासारखे दिसते, पण माझ्या मते त्याचा अर्थ चिंता वाटावी असा आहे. पूर्वी पुरुष एकटा जाई आणि घर मागे उरे. आता लग्नानंतर सूनही मुंबई-पुण्याला जाते, मुले तिथेच जन्मतात, आणि त्यांची नावे तिथल्या शाळांच्या पटावर लागतात. गावात सासूसासरे राहतात. चूल पेटती ठेवणारी बाईच निघाली, की ते घर पुढच्या मोजणीत रिकाम्या घरांच्या रकान्यात जाते. गावातल्या शाळेचा पट दोन-चार मुलांवर येतो त्यामागेही हेच आहे. शिक्षक कमी पडले म्हणून मुले गेली असे नाही, मुले आधी गेली.

गोव्याचा उल्लेख केल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ले या तालुक्यांतली तरुण मुले म्हापसा, पणजी आणि आता मोपाच्या विमानतळापर्यंत कामाला जातात. जो सकाळी दुचाकीने जाऊन रात्री परततो, तो गावातच मोजला जातो. ज्याने तिथे भाड्याने खोली घेतली, तो गोव्याचा होतो. अंतर दोघांसाठी सारखेच आहे. फरक पडतो तो संध्याकाळच्या एस.टी.मुळे आणि रस्त्याच्या स्थितीमुळे.

उलट दिशेने येणारी माणसेही आहेत आणि त्यांना विसरू नये. आंबा-काजूच्या बागांत राखणीला आणि मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून नेपाळहून आलेले, तसेच बांधकामावर उत्तर कर्नाटकातून आलेले कामगार फेब्रुवारीत इथेच असतात. जनगणना नागरिकत्व पाहून माणूस वगळत नाही, त्यामुळे ज्या बागेत मालक मोजला जात नाही, तिथे राखणदाराचे नाव येते. माझ्या दृष्टीने ते न्याय्यच आहे, कारण त्या दिवसांत त्या जमिनीवर खरोखर राहणारा माणूस तोच असतो.

प्रश्न : धामापूरचा तलाव मोती तलावाहून कितीतरी जुना. मग वाडी शहर आणि आमच्याकडे मात्र गाव, हा भेद कशावर ठरतो? — एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : तलावाच्या वयावर किंवा आकारावर निश्चितच नाही. जिथे नगर परिषद किंवा नगरपंचायत आहे, ते ठिकाण जनगणनेत आपोआप शहर ठरते. जिथे ग्रामपंचायत आहे, तिथे तीन कसोट्या लागतात : किमान 5,000 लोकसंख्या, चौरस किलोमीटरला किमान 400 माणसांची घनता, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या व्यवसायात असणे. कोकणातली वस्ती डोंगरउतारावर वाडीवाडीने विखुरलेली असते, म्हणून घनतेची कसोटी आपल्याकडे सहसा पार होत नाही. साऱ्या सिंधुदुर्गाची घनताच 163 आहे. कुडाळ 2011 साली ग्रामपंचायतीखाली असूनही या कसोट्यांमुळे शहरांत मोजले गेले आणि नंतर तिथे नगरपंचायत आली.

धामापूरचा तलाव 1530 साली दोन डोंगरांच्या मध्ये मातीचा बांध घालून झाला, असे मानले जाते. भगवतीचे मंदिर त्याच्या काठावर आहे आणि धामापूर-काळसे परिसराच्या शेतीला त्याचे पाणी मिळत आले आहे. 2020 साली आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. शहर हा शब्द मिळाला नाही म्हणून त्या गावाचे काही अडले आहे, असे मला वाटत नाही. मोती तलाव शहराच्या मधोमध आहे आणि त्याच्या चारी बाजूंनी रस्ता आहे. धामापूरच्या तलावाभोवती झाडी टिकली, याला तिथली विरळ वस्तीही कारणीभूत आहे.

प्रश्न : माझी 78 वर्षांची आई वाडीत एकटी राहते. थंडीत आम्ही तिला पुण्याला आणतो आणि शिमग्याला परत सोडतो. येत्या जनगणनेत तिचे नाव कुठे द्यावे? ती म्हणते, “माझा नाव घराकडेच लागाक होया.” — एक वाचक, पुणे

उत्तर : 2021ची जनगणना करोनामुळे झाली नाही, आणि आता पुढील मोजणीसाठी आपल्या राज्यात 1 मार्च 2027 हा संदर्भ-दिवस ठरलेला आहे. त्या वर्षी होळी 22 मार्चच्या आसपास येते, म्हणजे मोजणी पुन्हा शिमग्याच्या आधीच होणार. 2011च्या नियमानुसार पाहिले, तर आई मोजणीच्या संपूर्ण काळात पुण्यात असतील तर त्यांची गणना पुण्यात आपल्या घरी होईल आणि वाडीतले घर रिकामे धरले जाईल. त्या काळातले काही दिवस जरी त्या वाडीत राहिल्या, तरी त्यांचे नाव तिथेच लागेल. दोन्हीकडे नाव देणे मात्र चुकीचे आहे. आपण पुण्यात त्यांची माहिती भरली, तर शेजाऱ्यांनी वाडीत पुन्हा सांगू नये.

आईंची इच्छा मला फार मोलाची वाटते. त्यांची प्रकृती ठीक असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर त्या वर्षी त्यांना तीन-चार आठवडे आधी गावी पोहोचवता येईल का, याचा विचार करावा. शक्य असेल तर आपणही दोन दिवस सोबत राहावे. प्रगणक येतील तेव्हा आईंना प्रश्न नीट ऐकू येतील आणि उत्तरे त्यांना स्वतः देता येतील.