'वुडलँड व्होल'ला चिचुंद्री म्हणावं का? आणि 'पिनेटोरम' म्हणजे काय?

अमेरिकेतल्या या बिळात राहणाऱ्या प्राण्याला मराठीत चिचुंद्री म्हणता येईल का, आणि 'मायक्रोटस पिनेटोरम' या त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थ काय, असे दोन प्रश्न आहेत.

चिचुंद्री अजिबात नको. ती लांब मुस्कटाची, किडे खाणारी. उंदरांच्या गणातली नव्हेच. व्होल उंदरांच्या गोतातला, पण बोथट तोंडाचा, बारीक डोळ्यांचा, आखूड शेपटीचा. भारतात व्होल आहेत ते हिमालयाच्या बाजूला, त्यामुळे मराठीत घरचा शब्द नाही. 'व्होल'च ठेवावं आणि पहिल्यांदा येईल तिथे 'आखूड शेपटीचा रानउंदीर' अशी ओळख द्यावी. 'शेतउंदीर' म्हटलं तर घोटाळा होतो, जरी व्युत्पत्ती तीच असली तरी. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवरच्या बोलीत तो 'व्होल-माउस' होता. त्यातला 'व्होल' नॉर्स (म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन) भाषेतून आला, अर्थ शेत किंवा माळ. पुढे उंदीर गळाला आणि शेत तेवढं उरलं! म्हणजे 'वुडलँड व्होल' हे शब्दशः 'जंगलातलं शेत'.

आता 'मायक्रोटस'. हा 'मायक्रो' + 'टस' नव्हे. ग्रीक 'मिक्रोस' म्हणजे लहान आणि 'ओटोस' म्हणजे कानाचा; कानदुखीच्या 'ओटायटिस'मधला तोच. अर्थात 'लघुकर्ण'.

'पिनेटोरम'चं भाषांतर 'पाइनचा' असं केलेलं दिसतं, ते चूक. पायनस म्हणजे झाड, पिनेटम म्हणजे त्या झाडांची राई, आणि 'पिनेटोरम' ही पिनेटमची षष्ठी, तीही बहुवचनी. संस्कृतातलं 'वनानाम्' डोळ्यांसमोर आणा. अर्थ 'पाइनच्या रायांचा'. इथे 'देवदार' लिहू नये, तो सीडर. हिमालयातला चीड मात्र पाइनच.

अमेरिकन निसर्गअभ्यासक ले काँट यांनी १८३० साली जॉर्जियातल्या पाइनवनातल्या नमुन्यावरून याला 'सॅमोमिस पिनेटोरम' म्हटलं. पण 'सॅमोमिस' (वाळूउंदीर) हे नाव १८२८ मध्येच उत्तर आफ्रिकेच्या एका उंदराला दिलेलं होतं, आणि प्राण्यांच्या दोन प्रजातींना (म्हणजे जीनसना; शास्त्रीय नावातला पहिला शब्द तो जीनस) एकच नाव चालत नाही. १८३१ मध्ये मॅकमर्ट्री यांनी 'पिटिमिस', म्हणजे पाइन-उंदीर, सुचवलं. आज ते मायक्रोटसच्या पोटात उपप्रजाती (म्हणजे सबजीनस) म्हणून आहे. एवढी घरं बदलली तरी 'पिनेटोरम'चा प्रत्यय हलला नाही, कारण ते विशेषण नसून षष्ठीतलं नाम आहे. विशेषण असतं तर नव्या जीनसच्या लिंगाप्रमाणे बदलावं लागलं असतं.

म्हणूनच लिहिताना कंस गाळू नये : मायक्रोटस पिनेटोरम (ले काँट, १८३०). लेखकाचं नाव कंसात म्हणजे मूळ जीनस वेगळा होता.

प्रत्यक्षात हा प्राणी पाइनपेक्षा पानझडी जंगलात आणि सफरचंदाच्या बागांत जास्त सापडतो, म्हणून इंग्रजीत 'पाइन व्होल' मागे पडून 'वुडलँड व्होल' आलं. शास्त्रीय नाव मात्र अर्थ जुळत नाही एवढ्यावर बदलता येत नाही. बागेसंबंधीचा मजकूर असेल तर 'खोड कुरतडतो' असं लिहू नका. हा जमिनीखाली मुळांची साल खातो, म्हणून खोडाभोवती जाळी लावूनही झाड पिवळं पडतं.