पावसाळ्यात गुरांच्या अंगावर खपल्या येतात, त्या हवेचा दाब कमी झाल्यामुळे का?

नाही. कमी दाबाचा पट्टा आला तरी दाब उतरतो तो साधारण हजार हेक्टोपास्कलपैकी (हे हवेचा दाब मोजायचं एकक) 5-10. बालाघाटाच्या डोंगरात 100 मीटर वर चढलं तरी तेवढा तरी उतरतोच, त्यानं बैलाला खपल्या धरत नाहीत.

खरं कारण त्या पट्ट्यासोबत येणारी झड. पाठ चार-चार दिवस ओली राहिली की कातडी मऊ पडते, गोचीड-माशांच्या चाव्यातून डर्मॅटोफिलस नावाचा जिवाणू आत शिरतो. केसांचा झुपका खपलीसकट हातात येतो, खाली ओलसर लाल कातडी दिसते. जनावर कोरड्यात बांधा. हातमोज्याशिवाय खपलीला हात लावू नका, हा आजार माणसालाही होतो. पशुवैद्यकाला लगेच दाखवा. गाठी असतील तर लम्पीही असू शकतो, तो विषाणूचा आजार आहे.