बापाची आठी

"चेहऱ्यावर ट्रीटमेंट केली तर लोक काय म्हणतील?" धुळ्यात माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बायका हे अलीकडे फार विचारतात. बहुतेकींचं ठरलेलं असतं. माझी मान हललेली हवी असते, एवढंच.

एका बँकेतल्या ताईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने, ओळखीच्या खुणा बदलून सांगते. वय ४४. दोन भुवयांच्या मध्ये दोन उभ्या आठ्या, थेट वडिलांच्या. स्वभाव मवाळ, पण काउंटरवर रोज कुणीतरी विचारायचंच, "मॅडम, चिडल्या का?" शाखेतली नवी मुलं त्यांच्याकडे फाइल न्यायला बिचकायची. फाल्गुनात त्या नाशिकला जाऊन बोटॉक्स, म्हणजे आठ्या घालवणारं इंजेक्शन, घेऊन आल्या. कुणाला सांगितलं नाही.

पंधरा दिवसांत ते विचारणं थांबलं. मुलं टेबलाशी रेंगाळू लागली. मी हे सगळं हौशीचं प्रकरण समजत होते, ती चूक माझी. समोरच्याच्या आठीलाच आपण त्याचा स्वभाव समजतो, मीसुद्धा.

माझ्याकडे त्या आल्या माहेरी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, करून. माहेर शिरपूरकडचं. आईला कमी ऐकू येतं, त्यामुळे ती बोलते तेव्हा लेकीच्या तोंडावरची नजर हलवत नाही. सांजोऱ्या खाऊन झाल्यावर आईने विषय काढला: धाकटा शेत विकायला निघालाय. ताईंच्या पोटात कालवाकालव झाली. आई मात्र मध्येच थांबली आणि म्हणाली, "तुले काहीच वाटत नही का वं माय?"

हे सांगताना ताई रडल्या. डोळे वाहत होते आणि कपाळ पुसलेल्या पाटीसारखं कोरं. इतकी वर्षं हेच काम करूनही मला त्यांच्या हातांकडे बघावं लागलं. पदराचं टोक पिळून पिळून दोरी झाली होती.

बोटॉक्स नसेकडून स्नायूला जाणारा निरोप अडवतं. भुवया जवळ ओढणारा स्नायू सैल पडतो, म्हणून आठी जाते. पण हा स्नायू फक्त रागाचा नाही. दुसऱ्याचं दुःख ऐकतानाही तोच आकसतो, आणि सांगणाऱ्याला त्यातून कळतं की आपलं पोचतंय. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७०च्या दशकात आयांना तान्ह्या बाळासमोर थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवायला लावलं होतं. बाळं आधी हसून, हात पुढे करून आईला बोलकं करू पाहायची, मग कावरीबावरी होऊन रडायची. इथे बाळाच्या जागी पंचाहत्तरीची म्हातारी होती.

असर तीन-चार महिन्यांत ओसरतो, हे ताईंना ठाऊक होतं. तेवढे दिवस आईला तसंच ठेवायचं का, हा प्रश्न होता. "तोंडात सुया टोचल्या म्हणून शिव्या देईल," त्या म्हणाल्या. देऊ दे म्हटलं. मग आम्ही दोन-तीनदा बोलून पाहिलं: आधी आईचा हात हातात घ्यायचा, मग मोठ्याने सांगायचं, "माझा जीव तुटतोय."

रविवारी एसटीने त्या गेल्या. आईने सगळं ऐकून घेतलं, अंगठा भुवयांच्या मधोमध फिरवला. "तुन्हा बापनी आठी व्हती ती," एवढंच म्हणाली. शिव्या नंतर दिल्याच.

भाद्रपदात ताईंनी पुन्हा घेतलं. या वेळी डॉक्टरांना सांगून मात्रा कमी, भुवया थोड्या हलतील एवढी. काउंटरवर कुणी कुणी पुन्हा विचारतं, मॅडम, चिडल्या का.