रूट सर्टिफिकेट आणि ब्राउझरचे ऑडिट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या कंपनीकडे सीसीएचा (डिजिटल सहीची सर्टिफिकेटे देणाऱ्यांना परवाना देणाऱ्या सरकारी नियंत्रकाचा) परवाना आहे, ऑडिटही दरवर्षी होते. मग फायरफॉक्स आणि क्रोम वेगळे ऑडिट का मागतात?
– पुणे

सीसीएच्या परवान्यामुळे डिजिटल सहीला माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली मान्यता मिळते. रूट, म्हणजे ज्यावर बाकी सगळ्या सर्टिफिकेटांचा विश्वास टेकतो ते मूळ सर्टिफिकेट, आपल्या यादीत घ्यायला ब्राउझरना मात्र वेबट्रस्ट किंवा युरोपातल्या ईटीएसआय निकषांवरचे ऑडिट लागते. भारतातून अर्ज करणाऱ्याला वेबट्रस्ट सोयीचे. त्यासाठी ऑडिटरकडे सीपीए कॅनडा या लेखापालांच्या संस्थेची मान्यता हवी. नुसता परवाना का पुरत नाही ते पाहा: जुलै 2014 मध्ये एनआयसी या सरकारी संस्थेच्या इंटरमीजिएटखाली, म्हणजे रूटच्या वतीने सर्टिफिकेटे देणाऱ्या मधल्या सर्टिफिकेटखाली, गूगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटे निघाल्याचे उघड झाले. सीसीएचे रूट मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते, त्यामुळे धोका विंडोजवर होता. फायरफॉक्सच्या स्वतंत्र यादीत ते नव्हते, म्हणून तिथे झळ बसली नाही. पुढे क्रोमने सीसीएच्या रूटवर मोजक्याच डोमेनची मर्यादा घातली. बंगळुरूच्या ईमुद्रा कंपनीचे एमसाइन रूट फायरफॉक्समध्ये आहेत, आणि त्यांना वेबट्रस्टच्याच वाटेने जावे लागले.

प्रश्न : नवीन रूटची की (सही करायची गुप्त किल्ली) जानेवारीत तयार करून ठेवली आणि काम जूनमध्ये सुरू केले, तर ऑडिट कधीपासून धरायचे?
– ठाणे

जानेवारीपासून. ब्राउझरच्या यादीत येण्याचे अर्ज इथे अडकतात. की जन्मल्या दिवसापासून ती कोणाच्या ताब्यात होती, याचा सलग पुरावा लागतो. नुसती एचएसएममध्ये (की सुरक्षित ठेवणाऱ्या उपकरणात) पडून असलेली कीसुद्धा त्यातून सुटत नाही.

क्रम असा ठेवा. की सेरेमनीची, म्हणजे की तयार करण्याच्या औपचारिक कामाची, स्क्रिप्ट आधी लिहून घ्या. सेरेमनीला ऑडिटर समोर हवा, नाहीतर सगळ्या कामाचे सलग चित्रीकरण हवे; त्यावर ऑडिटरचा स्वतंत्र अहवाल घ्या. सर्टिफिकेटे द्यायच्या आधी, फार तर 12 महिने आधी, त्या-त्या तारखेची स्थिती सांगणारे पूर्वतयारीचे ऑडिट. पहिले सार्वजनिक सर्टिफिकेट दिल्यापासून 90 दिवसांत पूर्ण ऑडिट. त्यानंतर कालावधीचे ऑडिट दरवर्षी: एक 31 मार्चला संपले तर पुढचे 1 एप्रिललाच सुरू. 5 एप्रिलला सुरू केले तर मधले चार दिवस उघडे राहतात आणि नंतर कोणताही ऑडिटर ते भरून देऊ शकत नाही. कालावधी संपल्यावर तीन महिन्यांत अहवाल जमा व्हायला हवा, म्हणून ऑडिटरशी करार कालावधी संपण्याआधीच करून ठेवा.

प्रश्न : ऑडिटरने अहवाल दिला, पण सीसीएडीबीची (ब्राउझर कंपन्यांच्या सामाईक नोंदवहीची) तपासणी तो नापास करते. काय करावे?
– नागपूर

तपासणी यंत्र करते, आणि यंत्राला पीडीएफमधला मजकूर वाचता यायला हवा. स्कॅन केलेली प्रत चालत नाही. एसएचए-256 फिंगरप्रिंट (सर्टिफिकेटाची ओळख पटवणारा संकेतांक) 64 अक्षरांचा, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, मध्ये कोलन किंवा मोकळी जागा न ठेवता हवा. ओपनएसएसएल हे सॉफ्टवेअर तो कोलनसह देते. तसाच चिकटवला की गडबड झालीच. अरुंद रकान्यात तो दोन ओळींत तुटतो, तेव्हा पान आडवे करा. तारखेत ‘31st’ ऐवजी नुसते 31 लिहायला सांगा. अहवालाची तारीख कालावधी संपल्यानंतरचीच हवी. यादीत रूटबरोबर व्याप्तीतले प्रत्येक इंटरमीजिएट आहे का, हे ऑडिटरने सही करण्याआधी तुम्हीच एकेक करून ताडून पाहा.

प्रश्न : ऑडिटरने अहवालात त्रुटी नोंदवल्या, तर अर्ज बाद होतो का?
– पणजी

आपोआप नाही. प्रत्येक त्रुटीचा घटना-अहवाल बगझिलावर (मोझिलाच्या सार्वजनिक तक्रार-नोंदणीच्या संकेतस्थळावर) जाहीर करा: काय घडले, किती सर्टिफिकेटांना बाधा पोहोचली, मूळ कारण काय, दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत. ऑडिटरवर दबाव आणून मजकूर सौम्य करून घेणे हा सर्वांत वाईट मार्ग. 2016 मध्ये वोसाइन या चिनी सर्टिफिकेट कंपनीच्या मागच्या तारखा टाकलेल्या सर्टिफिकेटांचे प्रकरण बाहेर आले, तेव्हा फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने वोसाइनच्या ऑडिटरचे, हाँगकाँगच्या अर्न्स्ट अँड यंगचे, अहवाल घेणेही थांबवले. घरची तपासणीही टाळू नका: दर तिमाहीला दिलेल्या सर्टिफिकेटांपैकी किमान 3 टक्के, निदान एक तरी, यादृच्छिक निवडून तपासायचेच आहे.