‘आमेन म्हणवत नाही’

प्रश्न : ताई, प्रभू येशूच्या नावात सलाम. माझे मिस्टर मागच्या पावसाळ्यात प्रभूच्या घरी गेले. मधुमेहानं दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस असायचं. मंडळीनं उपास-प्रार्थना केल्या. आम्ही दवाखानाही सोडला नाही आणि प्रार्थनाही. एकदा बाहेरगावचे एक प्रचारक घरी आले. त्यांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि जाताना म्हणाले, “या घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय.” ते वाक्य काही केल्या मनातून जात नाही. मिस्टरांच्या डायलिसिससाठी केलेल्या फिस्टुलाच्या हाताला हात लावला की आत थरथर लागायची. मी रात्री तिथं हात ठेवूनच झोपायचे. आता दोन-अडीचला जाग आली की सकाळपर्यंत डोळा लागत नाही. प्रार्थनेला बसले की शब्द फुटत नाही, उपासनेत आमेन म्हणवत नाही. अशा मनानं घेतलं तर पाप लागेल म्हणून प्रभुभोजन बंद केलंय. मुलगा एकोणीस वर्षांचा आहे, तो चर्चला येत नाही. “तुझ्या देवानं काय केलं?” असं विचारतो. उधारीही बरीच झालीय. मी अजून ख्रिस्ती आहे का?
— एक भगिनी, श्रीरामपूर तालुका

उत्तर : भगिनी, सलाम. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, आहात.

आता त्या प्रचारकांच्या वाक्याविषयी. ते खोटं आहे, आणि हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहिते आहे. मी परिचारिका म्हणून नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं डायलिसिस विभागात. उशाशी बायबल ठेवून झोपणारे पेशंट गेलेले मी पाहिलेत आणि ज्यांनी कधी देवाचं नाव घेतलं नाही ते वर्षानुवर्षं टिकलेलेही पाहिलेत. प्रेषित पौलानं आपल्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, निघावा म्हणून तीनदा विनंती केली. तो निघाला नाही, ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढंच उत्तर मिळालं. आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, तो मिलेत गावात आजारी सोडून पुढं गेला, तसं तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात स्वतःच सांगतो. पौलाचाही विश्वास कमी पडला, असं ते प्रचारक म्हणतील का? याकोबाच्या पत्रातला पाचवा अध्याय अशा वेळी हमखास पुढं केला जातो. तो नीट वाचा. तिथं मंडळीच्या वडिलांना बोलवायला सांगितलंय, प्रार्थना त्यांनी करायची आहे. आजाऱ्याच्या बायकोच्या विश्वासाचं माप घ्या, असं त्यात कुठंही नाही. मरणाच्या दारात असलेल्या घरात असं बोलून निघून जाणं ही क्रूरता आहे. तुमच्या पाळकसाहेबांना हे वाक्य जसंच्या तसं सांगा. त्यांना कळायला हवं की आपल्या मंडळीतल्या घरांत कोण काय बोलून जातं.

रात्री जाग येण्याबद्दल मला नर्स म्हणून बोलू द्या. फिस्टुलात धमनी आणि शीर जोडलेली असते. रक्त जोरानं वाहतं म्हणून ती थरथर लागते. ती चालू आहे ना, हे रोज हात लावून पाहा, असं आम्हीच घरच्यांना सांगतो. थरथर थांबली तर लगेच दवाखाना गाठायचा असतो. म्हणजे तुमचा हात रात्री पहाऱ्यावर होता, आणि तो अजून पहाऱ्यावरून उतरलेला नाही. यात अविश्वासाचा काही संबंध नाही. पण इतके महिने अपुरी झोप झाली की मन कोरडं पडतं आणि त्या कोरडेपणाला आपण देव दूर गेला असं समजतो. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून ‘आता मला मरू दे’ म्हणाला, तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून पुन्हा खायला घातलं. देवाचं बोलणं त्यानंतर झालं. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घ्या, झोपेचंही डॉक्टरांना सांगा. दोन वेळा पोटभर जेवा.

शब्द फुटत नाहीत म्हणता. मग तुमचे नकोत, दुसऱ्याचे घ्या. स्तोत्र ८८ काढा. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी कुठंतरी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. अंधारातच संपतं. ‘तू माझ्यापासून तोंड का लपवतोस?’ असं ते स्तोत्र रचणारा माणूस देवाला तोंडावर विचारतो आणि त्याला उत्तर मिळत नाही. तरीही ते मुख्य गवयाच्या हाती दिलं गेलं, म्हणजे चारचौघांत, उपासनेत गायला. रात्री जाग आली की ते हळू आवाजात वाचा. पुढं आमेन नाही म्हटलं तरी चालेल. ईयोबानं देवाला काय काय सुनावलं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याचे मित्र पहिले सात दिवस गप्प बसले होते तोवर ठीक होतं, पुढं तोंड उघडून ‘तुझंच काहीतरी चुकलं असणार’ म्हणू लागले. शेवटी देवाचा राग त्या मित्रांवर झाला. माझ्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब, असं देवानंच सांगितलं. देवाकडं तक्रार घेऊन जाणारा माणूस देवाला सोडून गेलेला नसतो.

आपल्या पंडिता रमाबाईंचं पाहा. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली, मग भाऊ गेला. १८८२ मध्ये पटकीनं नवरा गेला तेव्हा मुलगी मनोरमा तान्ही होती. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर सगळे प्रश्न मिटले, असं झालं नाही. त्यांनी वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून सिद्धांतांवर जोरदार वाद घातले. पटलं नाही ते पटलं नाही म्हणून लिहिलं. ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी भेटला, असं त्यांनी स्वतःच्या साक्षीत सांगितलंय. पुढं १९२१ मध्ये ती एकुलती एक मनोरमाही गेली. रमाबाईंनी केडगावला बायबलच्या भाषांतराचं काम चालूच ठेवलं आणि एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या. आपण त्यांना वाघीण म्हणतो, आणि होत्याच. पण भाषांतराच्या त्या कामात स्तोत्र ८८ त्यांच्याही हाताखालून गेलं आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

प्रभुभोजन बंद करू नका. ‘अयोग्य प्रकारे’ हे करिंथच्या पत्रातले शब्द ऐकून तुम्ही घाबरलात, आणि तुमच्यासारख्या कितीतरी बाया घाबरतात. पौल तिथं कुणावर रागावला होता? आधी येऊन पोटभर खाणाऱ्यांवर. त्यांच्यामुळं गरीब भाऊ-बहिणी उपाशी राहत होत्या. दुःखानं मन बधिर झालेल्या विधवेवर तो रागावलेला नाही. येशूच्या शिष्याचं, थोमाचंही बघा. येशू मेलेल्यांतून उठला हे त्याला पटेना. ‘खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय मानणारच नाही’ म्हणाला आणि आठ दिवसांनी पुन्हा त्याच खोलीत बाकीच्यांबरोबर होता. त्यांनी त्याला बाहेर काढलं नाही, तोही उठून गेला नाही. येशू आला तेव्हा तो तिथं होता. तुम्हीही तुमच्या नेहमीच्या बाकावर बसा. गाणं म्हणवत नसेल तर ऐका. आमेन शेजारची म्हणेल, मंडळी असते ती त्यासाठीच. प्रभुभोजनाच्या वेळी उठून पुढं जाववलं नाही, तर पाळकसाहेबांना आधीच सांगून ठेवा, ते भाकर आणि प्याला तुमच्या जागेवर आणून देतील.

उधारीचं संकोच न करता कमिटीपुढं मांडा. विधवांची काळजी हे मंडळीचं काम प्रेषितांच्या काळापासून आहे, त्यासाठी सात माणसं नेमली होती. शिवाय तहसील कार्यालयात दोन चौकश्या करा. कुटुंब दारिद्र्यरेषेखालील यादीत असेल आणि कर्ता माणूस १८ ते ५९ वयात गेला असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. आणि संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवांना दरमहा मदत आहे, तिला उत्पन्नाची अट आहे. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधार आणि बँकेचं पासबुक बरोबर न्या.

मुलाला चर्चला ओढू नका. त्याचा बाप गेलाय, आणि त्याचा प्रश्न तुमचाच आहे, फक्त तो मोठ्यानं विचारतोय. पुन्हा विचारलं तर सरळ सांगा, “मलाही कळत नाही रे, मीही त्याला हेच विचारते.” हवं तर त्याच्यासमोर ते स्तोत्र वाचा. ख्रिस्ती घरात असंही बोलता येतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसेल.