‘रंगांध पात्रनिवड’ की ‘वंशनिरपेक्ष कास्टिंग’?

अमेरिकी आणि ब्रिटिश मालिकांविषयी मराठीत लिहिताना ‘कलरब्लाइंड कास्टिंग’ (कलाकाराचा वंश विचारात न घेता भूमिका देणे) या संज्ञेसाठी ‘रंगांध पात्रनिवड’ हा शब्द चालेल का आणि ‘कलर-कॉन्शस कास्टिंग’ (वंश लक्षात घेऊन भूमिका देणे) त्याहून वेगळे कसे दाखवावे, अशी विचारणा आली आहे. ‘रिप्रेझेंटेशन’ला सरसकट ‘प्रतिनिधित्व’ म्हणावे का, हा त्याच विचारणेचा दुसरा भाग आहे.

‘रंगांध’ हा शब्द येथे वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो एका दृष्टिदोषाचे नाव म्हणून रूढ आहे, ही अडचण तुलनेने लहान आहे. मोठी अडचण ‘अंध’ या उत्तरपदाची आहे. मराठीत एखाद्या गोष्टीच्या पुढे ‘अंध’ जोडले की ती गोष्ट न दिसणारा माणूस असा अर्थ सहसा होत नाही. त्या गोष्टीने ज्याचा विवेक झाकला गेला आहे, असा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. मदांध, कामांध, मोहांध हे सगळे शब्द याच घडणीचे आहेत. धर्म बाजूला ठेवणाऱ्याला आपण धर्मनिरपेक्ष म्हणतो आणि धर्मापायी सारासार विचार सोडणाऱ्याला धर्मांध म्हणतो. हाच साचा पुढे नेऊन कोणी ‘वर्णांध’ किंवा ‘वंशांध’ असा शब्द घडवला, तर मराठी वाचक त्याचा अर्थ वंशाभिमानाने आंधळा झालेला असाच लावील, म्हणजे मूळ संज्ञेच्या नेमका उलट. शिवाय रंगमंच, रंगकर्मी, रंगभूमी या शब्दांतला ‘रंग’ हा नाट्यकलेचा आहे, त्यामुळे अभिनयाच्या संदर्भात ‘रंगांध’ आणि ‘रंगनिरपेक्ष’ हे दोन्ही शब्द वाचकाला क्षणभर भलतीकडे नेतात.

म्हणून उत्तरपद ‘निरपेक्ष’ घ्यावे. पूर्वपदासाठी ‘वर्ण’ आणि ‘वंश’ हे दोन पर्याय उरतात. दक्षिण आफ्रिकेच्या संदर्भात ‘वर्णद्वेष’ आणि ‘वर्णभेद’ हे शब्द मराठी वृत्तपत्रांनी इतके रुळवले आहेत की ‘वर्णनिरपेक्ष’ कोणालाही समजेल. तरीही मी ‘वंश’ निवडतो. ‘वर्ण’ शब्दामागे चातुर्वर्ण्याची सावली आहे, आणि या चर्चेतला प्रश्न केवळ त्वचेच्या छटेचा नाही. कोरियन वंशाच्या अभिनेत्रीला एखादी भूमिका नाकारली जाते, तेव्हा आड येतो तो तिच्या वर्णापेक्षा तिचा वंश. ‘कास्टिंग’ शब्द मात्र तसाच ठेवायला हरकत नाही. ‘पात्रनिवड’ म्हटले की लेखकाने कथेसाठी पात्रे निवडली असाही अर्थ निघतो, आणि येथे निवड होते ती पात्रासाठी कलाकाराची.

‘वंशनिरपेक्ष कास्टिंग’ हा शब्द कोठे चपखल बसतो, याचे उदाहरण म्हणजे 2005 मध्ये एबीसी या अमेरिकी वाहिनीवर सुरू झालेली, रुग्णालयातील डॉक्टरांची मालिका ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’. तिच्या लेखिका शोंडा राइम्स यांनी पहिल्या भागाच्या संहितेत पात्रांचे वंश लिहिले नव्हते आणि आडनावेही मोकळी ठेवली होती, त्यामुळे चाचणीसाठी कोणत्याही वंशाच्या कलाकाराला बोलावता येत होते. सँड्रा ओह यांना क्रिस्टिना ही भूमिका मिळाली आणि ती क्रिस्टिना यांग झाली. मिरांडा बेली या पात्राची कल्पना आधी सोनेरी कुरळ्या केसांची ठेंगणी स्त्री अशी होती. ती भूमिका चँड्रा विल्सन या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने केली आणि आता त्या जागी दुसरे कोणी आठवतही नाही. आडनाव रिकामे ठेवणे ही कृती दिसायला किरकोळ आहे, पण संहितेत काहीच लिहिलेले नसेल तर पात्र गोरेच असणार, हे त्या उद्योगातले न बोललेले गृहीतक तिने मोडले. ‘निरपेक्ष’ या शब्दात ‘अपेक्षा’ आहे आणि येथे दूर सारली गेली ती नेमकी तीच.

यावर एक शंका रास्तपणे विचारली जाते. 1972 मध्ये ‘कुंग फू’ या अमेरिकी मालिकेत अर्ध्या चिनी नायकाची भूमिका डेव्हिड कॅरॅडाइन या गौरवर्णीय नटाने केली, तेव्हा तेही वंशनिरपेक्षच झाले ना? शब्दाची फोड केली तर ‘हो’ म्हणावे लागेल, पण संज्ञेचा इतिहास ‘नाही’ म्हणतो. ज्यांना भूमिका मिळतच नव्हत्या त्यांच्यासाठी दार उघडावे, या मागणीतून ही संज्ञा जन्मली आहे. बीबीसीवर 1958 ते 1978 अशी वीस वर्षे गोरे गायक तोंडाला काळे फासून एक करमणुकीचा कार्यक्रम करत होते. अशा प्रकारांना ‘वंशनिरपेक्ष’ म्हणणे हा इतिहासावर अन्याय आहे. तेथे ‘सोंग’ हा आपला जुना शब्द पुरेसा आणि नेमका आहे.

आता ‘कलर-कॉन्शस’विषयी. निरपेक्षतेच्या विरुद्ध म्हणून ‘वंशसापेक्ष’ हा शब्द पटकन सुचतो, पण फक्त गोऱ्यांना निवडणारे कास्टिंगही वंशसापेक्षच असते. म्हणून मी ‘वंशसजग’ सुचवतो, किंवा ओघात लिहिताना ‘वंशाचे भान ठेवून केलेले कास्टिंग’ असे म्हणावे. या भेदामागे एक गंभीर वाद आहे. नाटककार ऑगस्ट विल्सन यांनी 1996 मध्ये प्रिन्स्टन येथे केलेल्या भाषणात वंशनिरपेक्ष कास्टिंगला कडाडून विरोध केला. गोऱ्यांसाठी लिहिलेल्या भूमिकेत कृष्णवर्णीय नटाला उभे करणे म्हणजे त्याचा स्वतःचा इतिहास आणि माणूसपण नाकारणे, अशी त्यांची भूमिका होती, आणि कृष्णवर्णीयांची स्वतःची रंगभूमी उभी राहावी, असा त्यांचा आग्रह होता. तो वाद नाटकाचा असला तरी दूरचित्रवाणीवर तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला: कलाकाराचा वंश कथेने पाहायचा की पाहून न पाहिल्यासारखे करायचे?

‘ब्रिजर्टन’ ही 2020 ची नेटफ्लिक्सवरील, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या लंडनमध्ये घडणारी मालिका या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. अनेकांनी तिला ‘कलरब्लाइंड’ ठरवले, परंतु मालिकेचे निर्माते ख्रिस व्हॅन ड्यूसेन यांनी ते विशेषण नाकारले, आणि ते योग्यच होते. राजाने एका कृष्णवर्णीय स्त्रीशी विवाह केल्यामुळे समाजाची घडी बदलली, असे त्या मालिकेतले पात्रच बोलून दाखवते. कथेनेच वंशाची दखल घेतली, तर तेथे ‘वंशसजग’ हाच शब्द लिहावा. उलट 2018 मध्ये बीबीसीने केलेल्या ‘ले मिझराब्ल’मध्ये डेव्हिड ओयेलोवो या कृष्णवर्णीय नटाने जावेर हा पोलीस अधिकारी साकारला, आणि तेथील कथा त्याच्या वंशाविषयी काही बोलत नाही. तेथे ‘वंशनिरपेक्ष’ बसते.

‘प्रतिनिधित्व’ या शब्दात दोन अर्थ एकत्र येतात आणि त्यामुळे चर्चेत गोंधळ होतो. मराठीत प्रतिनिधी म्हणजे इतरांच्या वतीने जागा घेणारा. 1999 मध्ये एनएएसीपी या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने नव्या हंगामातल्या 26 मालिकांत एकही प्रमुख भूमिका अल्पसंख्याकांकडे नाही, असा जाहीर आक्षेप घेतला, तेव्हा प्रश्न जागांचा होता, आणि तेथे ‘प्रतिनिधित्व’ उत्तम आहे. 2015 मध्ये नाट्यमय मालिकेतील प्रमुख अभिनेत्रीचा एमी हा दूरचित्रवाणी पुरस्कार मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय अभिनेत्री व्हायोला डेव्हिस यांनी व्यासपीठावरून ज्या संधीच्या अभावावर बोट ठेवले, तो मुद्दाही प्रतिनिधित्वाचाच. पण एखादा समाज पडद्यावर कसा दाखवला, हा प्रश्न असेल तर ‘चित्रण’ म्हणावे.

हा फरक केवळ कोशातला नाही. ‘ब्रिजर्टन’च्या 2022 च्या पर्वात सिमोन अ‍ॅशली आणि चारित्रा चंद्रन या तमिळ मुळाच्या अभिनेत्रींनी शर्मा भगिनींच्या भूमिका केल्या. लंडनच्या उच्चभ्रू समाजाच्या प्रेमकथेत अशी नायिका येणे ही प्रतिनिधित्वाच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती. मात्र या बहिणी वडिलांना ‘अप्पा’ म्हणतात, मोठ्या बहिणीला ‘दीदी’ आणि धाकटीला ‘बोन’ म्हणतात, म्हणजे एकाच घरात दक्षिणेची, हिंदीची आणि बंगालीची संबोधने नांदतात. प्रतिनिधित्व साधले, चित्रण विस्कटले, असे येथे दोन वेगळ्या शब्दांत नेमके सांगता येते. एकाच शब्दाने दोन्हींचा निकाल लावला की प्रशंसा करणारे आणि आक्षेप घेणारे एकमेकांशी भांडत राहतात, आणि दोघांचेही म्हणणे खरे असते.

‘सिम्पसन्स’ या अमेरिकी अ‍ॅनिमेशन मालिकेतील अपू या भारतीय पात्राला गौरवर्णीय नट हँक अझारिया यांनी अनेक वर्षे आवाज दिला. तेथे कलाकार दिसत नाही, फक्त ऐकू येतो, तरी भारतीय उच्चाराची नक्कल हाच विनोद होऊन बसल्याबद्दल टीका वाढत गेली. 2020 मध्ये त्यांनी ती भूमिका सोडली आणि गौरेतर पात्रांना गोऱ्या कलाकारांचा आवाज यापुढे देणार नाही, असे त्याच वर्षी मालिकेकडून जाहीर झाले. हे धोरण वंशनिरपेक्षही नाही आणि कथेच्या अंगाने वंशसजगही नाही. त्यासाठी नवी संज्ञा घडवण्यापेक्षा ‘त्या त्या समाजातील कलाकारांनाच आवाज देणे’ असे सरळ वाक्य लिहावे. ‘टोकनिझम’साठीही ‘प्रतीकवाद’ टाळावा, कारण तो शब्द साहित्यसमीक्षेने आधीच घेतला आहे. एकच गौरेतर पात्र नावाला घेऊन त्याला काही बोलू न देणाऱ्या निवडीला ‘तोंडदेखली’ म्हटले की कोणत्याही वाचकाला ते लगेच कळते.