वाचकांचे प्रश्न : बालमैत्रिणीच्या वाट्याला हार का येते?

प्रश्न : ‘माके हिरोइन गा ओसुगिरु!’ ही २०२४ सालची अ‍ॅनिमे मालिका मी नुकतीच पाहिली. पहिल्याच भागात यानामी आन्ना आपल्या बालमित्राला, हाकामादा सोसुकेला, स्वतः दुसऱ्या मुलीकडे पाठवते आणि मागे एकटी उरते. माझे मित्र म्हणतात की जपानी रोमँटिक कॉमेडीत बालमैत्रीण हरणार हे ठरलेलेच असते. हा खरोखर नियम आहे का? आणि असेल, तर यानामीचे चुकले तरी काय? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण मला तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. यानामीचे काहीही चुकलेले नाही. लहानपणी सोसुकेने तिला नवरी करून घेण्याचे वचन दिले होते आणि तिने ते मनात जपून ठेवले. भातुकलीत मांडलेल्या संसारावर मोठेपणीही जीव जडलेला राहावा, यात दोष काढण्यासारखे काही नाही. दोष सोसुकेचाही नाही, कारण त्या वयात दिलेल्या शब्दाने कोणी जन्मभर बांधले जाऊ नये, हेही तितकेच खरे आहे. अमामोरी ताकिबी यांची ही कादंबरीमालिका २०२१ पासून शोगाकुकान प्रकाशनाच्या गागागा बुन्को या ग्रंथमालेत येत आहे आणि ए-वन पिक्चर्सने तिच्यावरून बारा भागांची मालिका केली. कोणालाही खलनायिका न ठरवता एका मुलीचे दुःख तिने पूर्ण वजनाने दाखवले, यात मला तिचे मोठेपण वाटते.

आपण लिहिलेला तो प्रसंग पुन्हा एकदा पाहावा, अशी माझी विनंती आहे. तोयोहाशी शहरातल्या एका रेस्टॉरंटमध्ये नुकुमिझु काझुहिको हा वर्गात कोणाच्या फारसा लक्षात न येणारा मुलगा पुस्तक वाचत बसला आहे. जवळच्याच टेबलावर यानामी सोसुकेला हिमेमिया कारेनच्या मागे जायला सांगते, तो निघून जातो, आणि आपल्याकडे कोणी पाहत नाही अशा समजुतीने ती त्याच्या पेल्यात उरलेले पेय त्याच्याच स्ट्रॉने पिते. नुकुमिझु ते पाहतो आणि प्रेक्षक हसतो. पण लहानपणापासून ज्याच्याशी सारे वाटून घेतले, त्याचे उष्टे पिण्यात काल-परवापर्यंत लपवण्यासारखे काहीच नव्हते. तो उठून गेल्यावर मात्र तीच साधी गोष्ट चोरून करावी लागावी, इतके त्यांचे नाते त्या अर्ध्या मिनिटात बदललेले असते. मुलींचे दोनच प्रकार असतात, एक बालमैत्रीण आणि दुसरी चोरटी मांजर, असे यानामीचे प्रसिद्ध मत आहे. त्या टेबलावर चोरट्यासारखे वागण्याची वेळ मात्र तिच्यावरच येते, आणि म्हणून तो प्रसंग मला आजही हसून सोडून देता येत नाही.

आता नियमाविषयी. बालमैत्रीण हरते याचे कारण तिचे प्रेम उणे असते हे नव्हे, तर कथा तिच्या प्रेमानंतर सुरू होते हे आहे. कथेला आरंभ लागतो आणि आरंभ म्हणजे काहीतरी बदलणे. जपानी शालेय कथांमध्ये हा बदल बहुतेक वेळा शाळा बदलून आलेल्या मुलीच्या रूपाने येतो, जिला तिकडे ‘तेन्कोसेई’ म्हणतात. तिला नायक पहिल्यांदा भेटतो तेव्हाच प्रेक्षकही पहिल्यांदा भेटतो, त्यामुळे तिचे पहिले भांडण, पहिली दिलजमाई, एका छत्रीतून घरी जाण्याची पहिली संध्याकाळ, हे सारे आपल्या डोळ्यांसमोर घडते. बालमैत्रिणीची दहा-बारा वर्षे मात्र आपल्याला एखाद्या संवादात किंवा जुन्या फोटोत उरकून सांगितली जातात. ऐकलेल्या दहा वर्षांपेक्षा पाहिलेले तीन महिने प्रेक्षकाला जड वाटतात. त्याच्या तराजूत दुसरे काही टाकलेलेच नसते.

दुसरी अडचण तिला नेमून दिलेल्या कामांची आहे. ती सकाळी नायकाला उठवते, त्याचा डबा करते, त्याच्या आईशी स्वयंपाकघरात गप्पा मारते. ही सगळी घरच्या माणसाची कामे आहेत, आणि जी आधीच घरची झाली तिने घरात प्रवेश मिळवण्याची कथा कशी सांगावी, असा पेच लेखकापुढे पडतो. शिवाय नवी मुलगी मनातले बोलून बसली तर तिला गमवायचे फारसे काही नसते. बालमैत्रिणीने बोलावे तर असलेली मैत्रीही जाण्याची भीती असते, म्हणून ती गप्प राहते आणि तिचे गप्प राहणे पटकथेत ‘काहीच घडले नाही’ असे मोजले जाते. बालपणीच्या वचनाचेही तसेच. ‘निसेकोइ’ या २०११ ते २०१६ दरम्यान चाललेल्या मांगामध्ये (जपानी चित्रकथेमध्ये) कथा वचन दिलेल्या मुलीच्या शोधाभोवती फिरत राहते आणि शेवटी ती मुलगी ओनोदेरा असल्याचे उघड होते, तरीही नायक चितोगे या दुसऱ्या मुलीची निवड करतो. (ज्यांनी ती वाचलेली नाही, त्यांची शेवट सांगितल्याबद्दल क्षमा मागतो.)

ही हार वाचकांच्या इतकी अंगवळणी पडली की २०१९ साली सुरू झालेल्या एका कादंबरीमालिकेचे नावच ‘बालमैत्रीण मुळीच हरत नाही अशी प्रेमविनोदी कथा’ या अर्थाचे ठेवले गेले, आणि २०२१ मध्ये तिच्यावर अ‍ॅनिमेही आली. तिच्यात शेजारच्या कुरोहाप्रमाणेच वर्गातल्या शिरोकुसाचीही नायकाशी लहानपणीची ओळख निघते, त्यामुळे नावातले आश्वासन कोणाला लागू करायचे हाच प्रश्न होऊन बसतो. कल्पना चतुर आहे, पण मला ती यानामीच्या कथेइतकी भिडली नाही.

मात्र याला नियम म्हणू नये, आणि त्याचा पुरावा आपण पाहिलेल्या मालिकेतच आहे. शाळेतल्या साहित्य मंडळाचा अध्यक्ष तामाकी आणि उपाध्यक्षा त्सुकिनोकी कोतो हे दोघे बालपणापासूनचे सोबती आहेत. मंडळातली बुजरी कोमारी चिका धीर करून तामाकीला मनातले सांगते, पण त्याचे मन आधीच त्सुकिनोकीकडे असते. म्हणजे सोसुकेच्या बाबतीत बालमैत्रीण हरली आणि तामाकीच्या बाबतीत तिची जीत झाली. ही दोन माणसे निराळी होती, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या मित्रांना कोमारीची आठवण अवश्य करून द्यावी. तिचे दुःख यानामीपेक्षा कमी नाही, आणि तिला तर बालपणीच्या आठवणींचाही आधार नाही.

प्रश्न : ‘ओसानानाजिमी’ या जपानी शब्दासाठी आपण ‘बालमैत्रीण’ असे लिहिता. ते नेमके आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पूर्णपणे नाही. ‘ओसानाई’ म्हणजे लहान वयाचे आणि ‘नाजिमी’ म्हणजे सवयीने आलेली जवळीक. या शब्दात मुलगा की मुलगी हे ठरलेले नाही आणि मैत्रीचा उल्लेखही नाही. आहे ती फक्त लहानपणापासूनची ओळख. मराठीत लिंग सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि ‘लंगोटीयार’ मुलीला लावता येत नाही. ‘बालपणापासूनची सोबतीण’ हे अर्थाने अधिक जवळचे आहे, पण प्रत्येक वाक्यात ते पेलत नाही, म्हणून मी ‘बालमैत्रीण’ वापरतो. तरीही ‘मैत्रीण’ म्हटले की नाते निवडलेले वाटते, आणि मूळ शब्दातला न निवडता मिळालेल्या माणसाचा भाव निसटतो, याची मला प्रत्येक वेळी रुखरुख लागते.

प्रश्न : जिथे बालमैत्रीण जिंकते अशी एखादी चांगली मालिका सुचवाल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : अदाची मित्सुरू यांची ‘टच’ अवश्य पाहावी. मांगा १९८१ ते १९८६ या काळात आली आणि तिच्यावरची १०१ भागांची अ‍ॅनिमे १९८५ ते १९८७ या काळात प्रसारित झाली. तात्सुया आणि काझुया हे उएसुगी घराण्यातले जुळे भाऊ, आणि शेजारच्या घरातली आसाकुरा मिनामी. दोन्ही घरांच्या आई-वडिलांनी मुलांसाठी अंगणात अभ्यासाची एक छोटी खोली बांधलेली आहे. दोन्ही भाऊ मिनामीचे बालपणापासूनचे सोबती असल्यामुळे मन ओढणारी जुनी ओळख दोघांच्याही बाजूला सारखीच असते, आणि वर मी सांगितलेला तराजू इथे आपोआप सरळ होतो.

बालपणीच्या सोबतीची ही ओढ जपानी साहित्यात फार जुनी आहे. हेइआन काळातल्या (आठव्या शतकाच्या अखेरीपासून बाराव्या शतकापर्यंतच्या) ‘इसे मोनोगातारी’ या कथा-कवितासंग्रहाच्या तेविसाव्या प्रकरणात विहिरीच्या कठड्यापाशी खेळणारी एक जोडी आहे. मोठी झाल्यावर दोघे एकमेकांना लाजू लागतात. मग तो तिला कवितेतून कळवतो की कठड्याशी मोजलेली माझी उंची तुला न पाहिलेल्या काळात कठड्याच्या वर गेली असेल. आणि ती उत्तर देते की तुझ्या केसांशी ताडून पाहिलेले माझे केस आता खांद्याखाली आले आहेत, ते तुझ्यावाचून कोणासाठी बांधू? त्यांचे लग्न होते. ‘टच’मध्ये विहिरीचा कठडा नाही, पण ती अंगणातली खोली आहे, तिथे तीन मुले लहानाची मोठी होताना प्रेक्षकाला प्रत्यक्ष दिसतात, आणि म्हणून मिनामीची वर्षे कोणाला सांगावी लागत नाहीत.